थोरल्या इराण्याची नोंद

ती हकीकत विसरलो म्हटलं तर खोटं होईल. माझ्या नोकरीत मी दरोडे उघडकीस आणले, दोन खून पचू दिले नाहीत, शाबासकीची पत्रंही मिळाली. पण आज कुणी विचारलं, की फौजदार, तुम्हाला नेमका कशाचा अभिमान वाटतो, तर मी ज्या माणसाला पकडलं नाही त्याची गोष्ट सांगतो. ऐकणारे हसतात. हसू देत, ते तिथं नव्हते आणि मी होतो.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच सुरू झाली होती. मी शहापूरला फौजदार होतो. मुरबाडचे फौजदार लांबच्या रजेवर गेले, म्हणून तिथला चार्जही माझ्याच गळ्यात. दोन तालुके, मोजके शिपाई आणि सरकारी घोडं एक, तेही पावसाळ्यापासून लंगडत होतं. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्या माणसांचे नातेवाईक आजही असतील, आणि ज्याचं त्याला कळलं म्हणजे पुरे.

लढाईमुळे वरून हुकूम आला. हद्दीत जो कोणी परदेशी माणूस राहत असेल त्यानं महिनाअखेरपर्यंत ठाण्यात हजर होऊन आपली नोंद करावी. जो करणार नाही त्याच्यावर खटला, आणि त्यानंतर देशाबाहेर रवानगी. हुकूम वाचून हवालदार मला म्हणाला, "साहेब, आपल्याकडं परदेशी कोन हाय? नाक्यावरचा इराणी सोडला तर भिवंडीवाला पन परदेशीच वाटतो आमाला." त्याचं खरं होतं. माझ्या सगळ्या हद्दीत परदेशी म्हणजे आग्रा रस्त्यावर चहाचं दुकान टाकून बसलेले दोन इराणी भाऊ, एवढेच.

दोन म्हणजे एका वेळी एकच. त्या लोकांची ती रीतच असते. दुकान एक, गल्ला एक आणि मालक दोन. सहा महिने थोरला इथं बसायचा, तेव्हा धाकटा इराणात आपल्या गावी डाळिंबाची बाग आणि म्हातारी आई बघायचा. मग धाकटा यायचा, आठ दिवस दोघं एकत्र राहून माल-हिशेबाची देवघेव करायचे, आणि थोरला बोटीला जायचा. वर्षानुवर्षं असंच चाललेलं. गावातल्या पोरांना तर वाटायचं, की सगळ्याच दुकानांचे शेठ वर्षातून दोनदा बदलतात.

थोरला मोठा गमत्या माणूस. दणकट बांधा, पांढऱ्या मिशा, रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीवानाच्या बैलांची नावं त्याला पाठ. गाडीवानाची चौकशी नंतर, आधी बैलाची. धाकटा त्याच्या उलट. भित्रा, शंभरदा कडी तपासणारा. दोघांची एक सवय मात्र सारखी होती. आम्हाला दुधाचा गोड चहा द्यायचे आणि स्वतः काचेच्या पेल्यात कोरा, बिनसाखरेचा चहा घ्यायचे. साखरेच्या ढेपेचा एक खडा अडकित्त्यानं फोडायचा, तो दातात धरायचा आणि त्याच्यावरून चहाचा घोट घ्यायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थोरल्याला विचारलं, हा काय प्रकार? तो म्हणाला, "साहेब, साखर चहात टाकली तर चहाचं तोंड गोड होते. माझं व्हायला पाहिजे ना." मी त्या उत्तरावर दिवसभर हसत होतो.

हुकूम निघाला तेव्हा पाळी धाकट्याची होती. तो दुसऱ्याच दिवशी ठाण्यात आला, नोंद केली, घाम पुसत सही केली. थोरल्याबद्दल विचारलं तर म्हणाला, तो पावसाच्या आधीच बोटीनं गेला. मला संशय येण्याचं कारण नव्हतं. घाम तर तो कडी तपासतानाही पुसायचा. मी स्टेशन डायरीत तसं लिहिलं आणि विषय संपला असं समजलो.

महिना संपायला पाच-सहा दिवस उरले असतील, तेव्हा मुरबाडच्या डोंगराकडच्या एका गावचा पोलीस पाटील वर्दी घेऊन आला. त्याच्या गावाच्या वाडीत कोळसा पाडणारं एक जोडपं राहत होतं. मुलंबाळं नव्हती. पाटलाचं म्हणणं असं, की त्यांच्या घरात भाताच्या पेंढ्यामागे माळ्यावर एक गोरा माणूस दडवलाय. दिवसा बाहेर येत नाही, बोलतो ते कुणाला कळत नाही. "साहेब, मी डोल्यानं नाय बगितला," पाटील म्हणाला, "पन वाडीतली पोरं सांगतात, मोटी पांढरी मिशी हाय. मंगे लढाईचं दिवस. मी म्हनलं, आपुन कळवावा."

इथं माझी चूक झाली ती आधीच कबूल करतो. लढाईचे दिवस, रेडिओवर रोज हेरांच्या बातम्या, आणि मी तरुण. साप साप म्हणून भुई धोपटायची त्या वेळी सगळ्यांनाच सवय लागली होती. मी शहानिशा न करता त्याच दिवशी जिल्ह्याच्या गावी, ठाण्याला, डीएसपी साहेबांकडे रिपोर्ट धाडला : संशयित परदेशी इसम लपून राहत आहे. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, दोनच ओळींचं. इसम मिळताच अटक करा, बंदोबस्तात पाठवा. पोलिसातला एक धडा तेव्हा मला पक्का ठाऊक नव्हता, की वर पाठवलेला कागद खाली येताना हुकूम होऊन येतो, आणि मग तो तुमच्याच मानेवर बसतो.

मी हवालदाराला आणि पाटलाला घेऊन सकाळीच वाडीवर पोचलो. कोळसेवाला घरी नव्हता. गाडी घेऊन शहापूरला गेलाय, म्हणाले. घरात त्याची बायको, पन्नाशीची, काटक, हात कोळशानं काळे. मी विचारलं, घरात आणखी कोण आहे? ती म्हणाली, "माज्या घरात कोन नाय." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. आवाज चढवला तरी तेच. असल्या बायका घाबरत नाहीत. जंगलात रात्रंदिवस भट्टी राखलेल्या बाईला माझ्या टोपीचं काय कौतुक?

मग मी प्रश्न सोडून घर पाहू लागलो. चौकशीत निम्मं काम डोळ्यांचं असतं. चुलीशेजारी फळीवर एक काचेचा पेला होता. सगळ्या घरात मातीची आणि जर्मन धातूची भांडी, आणि तेवढा एकच पेला काचेचा. शेजारी कागदाच्या पुडीत साखरेचे खडे. बारीक साखर नव्हे, ढेपेचे फोडलेले खडे.

मी विचारलं, "बाई, इथं चहा कोण पितं?"

"मीच पिते."

"बरं. मग मलाही पाज आणि तूही घे."

तिनं चहा केला. मुकाट्यानं डब्यातला गूळ काढला, आधणात टाकला, ढवळला, जसा आपल्याकडे सगळे करतात तसा. मी पुडीतला एक खडा उचलून तिच्यासमोर धरला. याचं काय करतात, दाखव म्हटलं. ती क्षणभर बघत राहिली आणि तो तिनं आपल्या चहात टाकला. गुळाच्या चहात साखरेचा खडा! हवालदारालाही हसू आलं.

मला हसू आलं नाही. मला एकदम सगळं कळलं. तो खडा ज्याच्यासाठी होता तो माणूस मला ठाऊक होता. अख्ख्या दोन तालुक्यांत साखर दातात धरून चहा पिणारी माणसं दोनच, आणि त्यातला एक नाक्यावर गल्ल्याशी बसलेला होता. दुसरा बोटीनं कुठं गेलाच नव्हता. आणि नाक्यावरच्या दुकानाला कोळसा कोण पुरवायचं? हीच गाडी. किन्हवलीवरून, सापगावाशी नदी ओलांडून, दर आठवड्याला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

माळ्याला शिडी लावलेली होती. हवालदारानं तिच्यावर पाय ठेवला. वरून पेंढा किंचित खुसपुसला आणि मग अगदी शांत झालं. बाई माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली, आणि ती स्वतःसाठी नव्हती. ती हळूच म्हणाली, "साहेब, त्याच्या अंगावरना वारं गेलंय. अर्ध्या अंगात त्याच्या जीव नाय."

मी हवालदाराला म्हटलं, "खाली उतर."

तो म्हणाला, "साहेब, हुकूम..."

"उतर म्हणतो ना. वर पेंढा आहे. पेंढ्याचा काय पंचनामा करायचा?"

हे मी का केलं ते सांगितलं पाहिजे, कारण नंतर याच गोष्टीवरून माझी बरीच ओढाताण झाली. मी शिडी चढलो असतो तर मला परदेशी इसम 'मिळून आला' असता. मिळून आला की पंचनामा, पंचनामा झाला की अटक, आणि साहेबांचा हुकूम तर खिशातच होता. पण तोच माणूस मुदतीत स्वतः ठाण्यात आला, तर तो 'नोंदणीसाठी हजर' होतो. माणूस तोच, दिवस तोच. फरक एवढाच, की मी त्याच्याकडे गेलो की तो माझ्याकडे आला. एका बाजूला बेडी आणि बोट. लुळ्या अंगानं तो त्या बोटीवर जिवंत राहिला नसता. दुसऱ्या बाजूला वहीतली एक ओळ. महिना संपायला दोन दिवस होते.

तडक शहापूरला आलो. कोळशाची गाडी दुकानासमोर सुटलेली होती, कोळसेवाला मला बघून बैलांच्या आड झाला. मी दुकानात बसलो आणि कोरा चहा मागितला. धाकट्यानं पेला आणून ठेवला. निघताना वाडीवरच्या पुडीतला आणखी एक खडा मी खिशात टाकला होता, तो काढून त्याच्यासमोर संगमरवरी टेबलावर ठेवला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण या बिचाऱ्याच्या मनात काळोखच होता. तो खाली बसला आणि तोंड झाकून रडायला लागला. गिऱ्हाइकं उठून गेली.

त्यानं सांगितलं ते असं. मुंबईत त्यांच्या ओळखीतला एक शहाणा होता. त्यानं या भावांना समजावलं होतं, की नवा कायदा आलाय : वर्षातून सहा महिन्यांच्या वर जो परदेशी इथं राहील तो इथला रहिवासी धरला जाईल. मग त्याला कराच्या हापिसात नाव घालावं लागेल, आणि कर नुसता दुकानावर नाही, तिकडच्या बागेवरही. नाव घालायचं की नाही यावर दोघा भावांचं वर्षभर चाललेलं. थोरला म्हणायचा घालू, धाकटा म्हणायचा सहा महिन्यांच्या आत ये-जा करू, म्हणजे कुणाच्या वहीत जायला नको. शेवटी धाकट्याचं चाललं. आणि नेमका बोटीला निघायच्या आठवड्यात थोरल्याला झटका आला. उजवा हात, उजवा पाय, निम्मी जीभ गेली. आता सहा महिने उलटणार. धाकट्यानं घाबरून गावात सांगितलं, की थोरला गेला. आणि रात्रीत त्याला कोळशाच्या गाडीत घालून वाडीवर पोचवलं. कोळसेवाल्याचं कुटुंब एकदा तापानं मरायला टेकलं होतं, तेव्हा थोरल्यानं महिनाभर त्यांना पोसलं होतं, म्हणून त्यांनी ठेवून घेतलं. मग लढाई आली, नोंदणीचा हुकूम आला, आणि आता भाऊ दाखवावा तर इतके महिने कुठं होता याचं उत्तर नाही. एक खोटं लपवायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. कराची भीती, आणि निघालं हेरगिरीचं प्रकरण.

मी चिडलो होतो. सख्ख्या भावाला पेंढ्यात ठेवतोस, कशासाठी, चार पैशांच्या करासाठी? असं मी त्याला तोंडावर विचारलं. त्यावर तो जे बोलला त्यानं माझा राग अर्धा झाला.

"साहेब, पैसा नाही. पैसा मी देऊन टाकला असता. पण त्या वहीत नाव गेलं, म्हणजे आपण इथले झालो. मग आईला काय लिहू? भाऊ आता येणार नाही, असं लिहू?"

मी म्हटलं, "शेठ, हे तुम्ही ठरवायचं नाही. ज्याचं नाव लिहायचं त्याला विचारा. मी वाडीवर कुणाला पाहिलं नाही. परवा दिवे लागेपर्यंत माझी वही उघडी आहे. त्यानंतर मात्र मी फौजदार आहे, हे ध्यानात ठेवा."

तो त्याच गाडीतून वाडीवर गेला. दुकानाला पहिल्यांदा टाळं लागलं. गावात कुजबुज सुरू झाली, इराण्यानं गाशा गुंडाळला म्हणून. हवालदारही मला दबक्या आवाजात म्हणाला, की साहेब, दोघं पळाले तर तुमची टोपी जाईल. मला ते कळत नव्हतं असं नाही. घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, टोपी गेली तर माझ्या माहेरी भात आहे, दोन वेळ मिळेल. तेवढ्यानं मला धीर आला.

शेवटच्या दिवशी दुपार टळली तरी कुणी नाही. मी वही समोर ठेवून बसलो होतो. नदीकडच्या रस्त्यावर एक शिपाई उभा केला होता, तो दर घंट्याला येऊन मान हलवायचा. उन्हं उतरली. हवालदारानं कंदील पुसायला घेतला. आणि तेवढ्यात गाडी आली.

थोरला कोळशाच्या पोत्यांवर ताठ बसून आला. झोपून यायला तयारच झाला नाही, म्हणे. अंगावर कोट, मिशा विंचरलेल्या, निम्मं तोंड वाकडं झालेलं. एका बाजूनं धाकटा, दुसऱ्या बाजूनं ती कोळसेवालीण. तिच्या खांद्यावर हात टाकून तो ठाण्याच्या पायऱ्या चढला. तीन पायऱ्यांना किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही. पण कुणी त्याला उचलू लागलं की तो मान हलवायचा. मी उठून उभा राहिलो. फौजदारानं असं उठायचं नसतं, पण मी उठलो.

साहेबांचं काय झालं ते आधी सांगून टाकतो. मी रिपोर्ट लिहिला, की संशयित इसम मुदतीत स्वतःहून हजर झाला, नोंद झाली, आजारी आहे, हेर नाही. साहेब स्वतः तपासणीला आले. मला उभं करून विचारलं, की तू माळ्यावर का चढला नाहीस? मी म्हटलं, साहेब, शिडी मोडकी होती. त्यांनी वाडीवर जाऊन शिडी पाहिली. चांगली भक्कम शिडी! परत आले, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या रिपोर्टावर 'ठीक' असा शेरा मारून निघून गेले. त्या एका शब्दाची मी आजही शाबासकीच्या पत्रांपेक्षा जास्त किंमत करतो. चुकीच्या रिपोर्टाबद्दल मला बोलणी खावी लागली, ती योग्यच होती.

माझ्या हाताखालच्या पोरांना मी पुढं नेहमी सांगायचो, की लपलेला माणूस म्हणजे गुन्हेगारच, असं धरू नका. काही माणसं नुसती ठरवत असतात. कुठं राहायचं, कुणाचं व्हायचं, हे ठरवायला वेळ लागतो, आणि तोवर ती अंधारात बसतात. त्यांना दोन दिवस द्यावेत असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. पण ते दोन दिवस पोलिसाच्या हातात असतात. मी ते दिले, आणि याचा मला अभिमान आहे, लपवून काय करू?

त्या संध्याकाळी मी थोरल्याला खुर्ची दिली आणि वही पुढं ओढली. नाव, बापाचं नाव, गाव, धंदा, सगळं धाकटा सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. थोरला नुसता ऐकत होता. शेवटच्या रकान्याशी मी आलो. तिथं विचारलं होतं, की या देशात आणखी किती दिवस राहण्याचा इरादा आहे?

धाकटा घाईघाईनं म्हणाला, "लिहा साहेब, तब्येत सुधारेपर्यंत."

थोरल्यानं चांगला हात वर केला. जीभ जड झाली होती. एकेक शब्द ओढून काढावा तसा तो बोलला, पण मला प्रत्येक शब्द समजला.

"खोटं नको. लिहा, मरेपर्यंत." मग थोडा दम खाऊन भावाकडे वळला. "आणि तो कराचा कागद पण आण. जिथं मरायचं, तिथं नाव सांगायला लाज कसली?"

धाकट्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. कोळसेवालीण दाराशी बसली होती, तिनं पदरानं डोळे पुसले, तिला शब्द किती कळले कुणास ठाऊक. मी रकान्यात त्यानं सांगितलं तसंच, अक्षर न बदलता लिहिलं आणि टाक त्याच्या डाव्या हातात दिला. त्यानं सही केली. दिवे लागले होते, आणि मी वही मिटली.